तिसरा हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा व्यासपीठावरून साहित्य, संगीत वा इतिहास यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही केवळ बी. ए. झालेले सरकारी नोकर. आम्ही मालवाहतुकीवर बोलणार आहोत. विषय ऐकून काही चेहऱ्यांवर उमटलेली निराशा आम्हांस दिसते आहे. परंतु आपल्या घरी येणारा गोडा मसाला, मेतकूट आणि वैशाखातील हापूसची पेटी काही आपल्या पायांनी चालत येत नाही. पुण्याहून, कोल्हापुराहून वा बेळगावहून ती रात्रीच्या बसने निघते आणि पहाटे कोणी अनोळखी माणूस ती आपल्या स्वाधीन करतो. देणारा एक, घेणारा दुसरा; या दोहोंमध्ये असतो तो तिसरा हात.

व्यापाराच्या भाषेत या तिसऱ्या हाताला 'थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स' असे भारदस्त नाव आहे. तो मालाचा धनीही नव्हे आणि गिऱ्हाईकही नव्हे. तो दुसऱ्याचा माल साठवितो, मोजतो, बांधतो, पोचवितो आणि नापसंत झाला तर परतही नेतो. कारखानदाराने हे काम परक्यावर का सोपवावे? हिशेब सोपा आहे. त्याचा स्वतःचा ट्रक पुण्याहून बंगळूरास भरून आला, तरी परतताना बहुधा रिकामा धावेल. डिझेल मात्र दोन्ही वेळा जळेल. दहा जणांचा माल वाहणाऱ्यास परतीचे भाडे मिळविता येते. कोठाराचेही तसेच. एकाचा माल दिवाळीपूर्वी ओसंडतो, तर दुसऱ्याचा उन्हाळ्यात. जागा एकच असली की भाडे वाटले जाते. त्यातच १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. पूर्वी निरनिराळ्या राज्यांच्या करांपायी कंपन्या राज्याराज्यांत लहान कोठारे ठेवीत. ते कारण उरले नाही आणि थोडी पण मोठी कोठारे परवडू लागली. नेलमंगल आणि होसकोटे या बाजूंना गेल्यास त्यांचे अवाढव्य पत्रे दृष्टीस पडतात.

हा धंदा आजकालचा, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची होय. आपण बसलो आहोत त्याच भूमीवरील हकीकत पाहा. मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला आणि मे महिन्यात तो टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणासमोर जाऊन उभा राहिला. लढाईत सरशी होऊनही त्यास माघार घ्यावी लागली, कारण फौजेचे धान्य संपत आले होते आणि बैल मरत होते. ओढावयास जनावर नाही म्हणून अवजड तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या. तो माघारी वळतो न वळतो तोच हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन भेटल्या. त्यांच्या बाजारात धान्य होते. भाव चढे होते, पण धान्य होते! मराठे जवळ आल्याच्या वार्ता टिपूच्या लोकांनी वाटेतच अडविल्या होत्या. म्हणजे माल जवळ होता. मालाची बातमी नव्हती. आज आपली पेटी कोठवर आली हे आपण फोनवर पाहतो, त्या सोयीची किंमत कॉर्नवॉलिसला विचारावी!

पुढच्या मोहिमेसाठी बंगळुरास धान्य साठविण्यात आले, त्यात लमाणांच्या तांड्यांचा मोठा वाटा होता. हे लमाण कोणत्याही दरबारचे चाकर नव्हते. स्वतःच्या बैलांवर धान्य लादून ते फौजांना पुरवीत, पुष्कळदा परस्परांशी लढणाऱ्या पक्षांनाही. फेब्रुवारी १७९२ मध्ये कॉर्नवॉलिस पुन्हा श्रीरंगपट्टणावर गेला आणि या खेपेस त्यास उपाशी परतावे लागले नाही. तहाच्या कागदावर लमाणांचे नाव अर्थातच नाही.

तिसऱ्या हाताचे मोल आहे ते विश्वासात. आपल्याकडे वाहकांविषयीचा कायदा १८६५ चा. त्याची जागा २००७ च्या कायद्याने घेतली. दोहोंतील एक तत्त्व आम्हांस थोर वाटते. सोपविलेला माल हरवला तर वाहकाचा निष्काळजीपणा मालधन्याने सिद्ध करावा लागत नाही. माल हाती घेतला, म्हणजे जबाबदारी घेतली. पण तिसऱ्या हाताने ते काम चौथ्यास आणि चौथ्याने पाचव्यास दिले, की काय होते?

हे आम्ही अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी नागपुराहून बंगळूरास आमची बदली झाली. सामानाचे सतरा नग. बिल्टी सतरा नगांची. उतरले सोळा. नव्हती ती आमच्या मातोश्रींची लोखंडी ट्रंक. तीत तीर्थरूपांची पत्रे होती. कंपनी म्हणाली, ट्रक आमचा नव्हे. ट्रकमालक म्हणाला, हैदराबादेस माल दुसऱ्या गाडीत चढला. दुसऱ्या गाडीवाल्यास तर आमचे नावही ठाऊक नव्हते. मातोश्री एक शब्द बोलल्या नाहीत. त्या जेवणावरून लवकर उठू लागल्या, एवढेच.

अकराव्या दिवशी एक ड्रायव्हर ट्रंक खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. गुदामातील एका हमालाने झाकणावर रंगविलेले नाव वाचून ती बाजूस काढली होती आणि बंगळूरच्या गाडीची वाट पाहून याच्या हवाली केली होती. या दोघांची नावे कोणत्याही कागदावर नव्हती. आम्ही मात्र अकरा दिवसांचा सारा राग त्या ड्रायव्हरवर काढला. तो निमूटपणे ऐकून जिना उतरून गेला. आत मातोश्रींनी कुलूप चाचपले आणि विचारले, "त्याला जेवायला वाढलंस का रे?" आम्ही पाणीसुद्धा विचारले नव्हते. मातोश्री आता नाहीत, प्रश्न आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांचा डबाही वाटेत अनेक हात बदलतो. १८९० पासून चालत आलेल्या त्या व्यवस्थेत डब्यावर खूण असते आणि वाहणारे त्या धंद्याचे वाटेकरी असतात; म्हणून जबाबदारी वाटेत सांडत नाही. साखळी लांब असणे हा दोष नव्हे. तिच्यातील शेवटच्या कडीस नाव नसणे, वाटा नसणे, हा दोष होय. आज या शहरात घरोघरी पुडकी पोचविणाऱ्या तरुणांसाठी कर्नाटक राज्याने २०२५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा केला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कायदा दारापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आतले आपणांकडे.

मंडळींनो, आपण सारे घरापासून दूर आलेली माणसे. पन्नास वर्षे आपले घर कोणाच्या तरी खांद्यावरून थोडे थोडे इकडे येत राहिले आहे. माल सोपविताना, तो अखेर कोणाच्या हाती जाणार हे विचारावे. आणि तो हात दाराशी आला की त्यास, निदान, पाणी विचारावे.