नवी प्रणाली : आधी पारख, मग स्वीकार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. तेवढ्यावरून धडधाकट संगणक भंगारात काढणे म्हणजे बांधणी उसवली म्हणून ग्रंथ रद्दीत घालणे! लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली रचलेल्या लिनक्सच्या गाभ्यावर उभ्या असलेल्या उबुंटू, मिंट या मुक्त प्रणाली विनामूल्य मिळतात. शिवाय आधी पारखूनही घेता येतात. रिकाम्या पेनड्राइव्हवर प्रत उतरवून संगणक त्यावरूनच सुरू करावा. प्रणाली तात्पुरत्या स्मृतीत चालते. हार्ड डिस्कवरील विंडोज अबाधित राहते. देवनागरी टंकलेखन, प्रिंटर, ध्वनी निवांत तपासावेत. मात्र ‘इन्स्टॉल’ला हात लावू नये, तेथे संग्रह पुसला जाण्याचे भय खरे आहे. संगणक बंद होताच या सत्रातले लेखनही सहसा नाहीसे होते. जपायचे ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावे.