दारातली पिकअप

आमच्या सातारा-सांगलीकडे माणसाची पारख करायची झाली, तर आधी त्याच्या दारात काय उभे आहे ते बघतात. एके काळी दारात खिल्लारी बैलजोडी असली, की घर नांदते आहे असे समजत. पुढे फटफटी आली, ट्रॅक्टर आला, आणि अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत पांढरी पिकअप आली. बैलजोडीवाल्याला लोक मालक म्हणत. पिकअपवाल्याच्या वाट्याला मात्र दोन शिक्के आले. शहरातला पाहुणा म्हणतो, "उसाचा पैसा दिसतोय, माज आलाय." आणि सोयरीक बघायला आलेली मंडळी हळूच विचारतात, "पोरगं ड्रायव्हर हाय व्हय?" एकाच गाडीपायी माणूस शहरात शिरजोर ठरतो आणि लग्नाच्या बाजारात हलका!

आता, अशा समजुती हवेतून येत नाहीत. फाळक्यावर रंगवलेली दमदाटीची अक्षरे, अंगावर येणारा हॉर्न, वरातीतला कर्णा हे आपण सर्वांनीच पाहिले-ऐकले आहे. पण वरात वर्षातून चार दिवस. उरलेल्या दिवसांचे काय?

पूर्वी शेतकऱ्याचा माल बाजाराला जायचा तो बैलगाडीतून, नाहीतर दुसऱ्याच्या ट्रकमधून, ट्रकवाल्याच्या सवडीने. १९८६ साली टाटांची ४०७ निघाली. २००५ साली त्यांचीच एस आली. तिला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हणून बारसे करून घेतले. महिंद्रांच्या पिकअपही वाडीवस्तीपर्यंत पोचल्या. त्यामुळे तासगावची द्राक्षे, कोरेगावचा घेवडा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी शेतकऱ्याच्या सवडीने निघू लागली. द्राक्षाला आणि स्ट्रॉबेरीला थांबायला वेळ नसतो. एक दिवस गाडी मिळाली नाही, तर वर्षाच्या कष्टाचे मोल उतरते. तेव्हा ही गाडी ऐट म्हणून नव्हे, वेळ हाती राहावी म्हणून घेतलेली असते, आणि बहुतेक वेळा कर्ज काढून.

अमेरिकेतही पिकअपवाल्याची अशीच थट्टा होते. तिथे फोर्ड कंपनीने १९२५ साली कारखान्यातूनच हौद्यासकट गाडी विकायला काढली, ती शेतकऱ्यासाठी. आज तिथे कित्येकांच्या हौद्यात वर्षभर काही पडत नाही, म्हणून लोक हसतात. आमच्याकडे उलटे आहे. हौदा रिकामा राहतच नाही. दुधाचे कॅन उतरले की खताची पोती, पोती उतरली की कुणाच्या घरभरणीची भांडी. आणि भांडी उतरली की माणसे.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. पौषात कराड तालुक्यातल्या पालीच्या खंडोबाची यात्रा असते. आमच्या आळीतल्या एका तरुणाने नवी पिकअप घेतलेली. गावकऱ्यांनी ठरवले, तिच्यातूनच जायचे. पोराने नकार दिला. झाले! "गाडी आली आन् माज आला," असे चावडीवर सुरू झाले. मी त्याचा जुना मास्तर. समजूत घालायला मलाच पाठवले.

तो म्हणाला, "गुरुजी, रात्री दोनला कुणाला कळा सुरू झाल्या तर मी कधी न्हाई म्हनलोय का? पर हौद्यात चाळीस मानसं? एक जरी खाली पडलं, तर मी त्याच्या घरी कुठल्या तोंडानं जाऊ? तुमीच सांगा."

मी काय सांगणार? त्याला समजावायला गेलेला मी, खाली मान घालून परत आलो. चावडीवर ज्याला माज म्हणत होते, तो शहाणपणा होता.

श्रोते हो, कायदाही त्याच्याच बाजूचा आहे. मालगाडी मालासाठी आहे. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या माणसांची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. म्हणजे अपघात झाला, तर भार गाडीवाल्याच्या घरादारावर. आणि ज्याचे माणूस गेले, त्याच्या हाती काय येणार?

त्या वर्षी आम्ही वर्गणी काढून एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. बायामाणसे बाकावर बसून गेली, बसून आली. पोराची पिकअप पुढे चालली होती. तिच्यात प्रसादाची भांडी आणि शिधा होता. भंडारा मात्र सगळ्यांच्याच कपाळी लागला.

तेव्हा दारात पिकअप दिसली, की फाळक्यावरची अक्षरे वाचून माणूस तोलू नका. तिचा हप्ता कोण भरतो, रात्री ती कुणासाठी निघते, हे विचारा. आणि तिचा मालक कधी 'नाही' म्हणाला, तर रागावण्याआधी आपण त्याच्याकडे काय मागितले होते, तेवढे आठवून पाहा.