समितीवरची खुर्ची पाड्याची आहे
(उंबरमाळी येथे तरुणांच्या बैठकीत संघटनेच्या कार्यकर्तीने केलेलं भाषण)



मी काय मोठी भाषण करणारी नाय. बारावी शिकले, पाड्यात राहते, संघटनेचं काम करते. तरुणांची बाजू मांडायला मला ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर घेतलंय. नाव एवढं लांब की ते घेईस्तोवर तापाचा पेशंट उठून बसेल! आपण आरोग्य समिती म्हणू.

काही जण विचारतात, आपली संघटना जमिनीची, तिला गोळ्या-औषधांचं काय पडलंय? मी सांगते. 2006 च्या वनहक्क कायद्याने प्लॉट नावावर होईल. पण तो कसणाऱ्या पोरापोरींच्या अंगात रक्तच नसेल तर आवणीला वाकणार कोण?

आता सरकारची योजना बघा. 10 ते 19 वयाच्या मुलींना दर आठवड्याला लोहाची एक निळी गोळी मिळायला पाहिजे. शाळेत जाणारीला शाळेत, शाळा सुटलेलीला अंगणवाडीत. वर्षाचे आठवडे 52, म्हंजे गोळ्या 52. पण आपली कातकरी, ठाकर माणसं दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. सहा महिने घर बंद. म्हंजे 26 गोळ्या गेल्या. भट्टीवरच्या पोरीला त्या कोण देणार? आणि शाळा सोडलेला मुलगा तर या योजनेत धरलेलाच नाय. वीट तो पण उचलतो ना?

हा प्रश्न कचेरीत बसलेल्या माणसाला सुचत नाय. तो पाड्यातल्याच माणसाला माहीत असतो. म्हणून आपला माणूस समितीवर पाहिजे. केंद्र सरकारच्या सूचनेत लिहिलंय की या समितीत निदान निम्म्या बाया असाव्यात आणि प्रत्येक पाड्याचा माणूस असावा. मग गावठाणातल्या चार जणांनी बसायचं आणि पाड्याने बाहेरून ऐकायचं, हे चालायचं नाय.

पण नुसतं बसून पण भागत नाय. बैठक न होताच वही घरोघर फिरते. "ताई, इथं सही करा." वर पान कोरं, खाली सह्या. समितीला जो निधी येतो, त्याचा खर्च त्याच वहीत चढतो. वनहक्क समितीत आपण काय शिकलो? म्हाताऱ्यांनी दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपल्या, त्याच पुरावा झाल्या. कागदाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाय, सही पण नाय.

आता एक नाजूक गोष्ट. जमिनीच्या कामात आपण ग्रामसभेत नाव मोठ्याने वाचतो. कोणाचा प्लॉट, किती गुंठे, शेजारी कोण, सगळ्यांसमोर. तिथं ते बरोबरच आहे, त्याने खोटा दावा घुसत नाय. पण आरोग्याच्या कामात उलटं करायचं. आकडा मोठ्याने, नाव कधीच नाय.

का? पाड्यात दहा-वीस घरं. पोरगी पाळीच्या दुखण्याला, पोरगा गुप्त दुखण्याला दवाखान्यात गेला, की संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांत बातमी. मग दुसरी कोणी जात नाय. दुखणं अंगावर काढते, नाहीतर भगताकडे जाते. तरुणांसाठी सरकारी रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक' असतं. इथून शहापूरला जायचं तर गाडीने आसनगाव, पुढे परत रिक्षा. भाडं मोडून, रोज बुडवून गेलेल्या पोरीला चार लोकांसमोर "काय होतंय?" विचारलं, तर ती "डोकं दुखतंय" म्हणून गोळी घेऊन परत येते.

म्हणून समितीवरच्या माणसाने हिशोब दवाखान्याचा विचारायचा, पोरीचा नाय. क्लिनिक ठरल्या दिवशी उघडलं का? बोलायला वेगळी खोली, निदान पडदा आहे का? बाई कर्मचारी होती का? गोळ्या शिल्लक आहेत का? "कोण आलं होतं?" हा प्रश्न समितीचा नाय. जो तो विचारेल त्याला आपणच समितीवरून उठवायचं, मग तो आपल्या संघटनेचा असला तरी.

हे लोकांना जमतं. 2007 पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात आपला ठाणे जिल्हा होता. गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल रंग दिला आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारला. आपल्याच बाया, आपलेच गडी उभे राहून बोलले.

तर पुढच्या बैठकीपर्यंत तीन कामं. एक, प्रत्येक पाड्याने एक मुलगी आणि एक मुलगा ठरवायचा. दोन, दिवाळीआधी भट्टीवर जाणाऱ्या घरांत 10 ते 19 वयाची पोरं किती, आणि कुठल्या भट्टीवर, याचा आकडा काढायचा. ग्रामसभेचा ठराव करून तो इथल्या आणि भट्टीकडच्या आरोग्य केंद्राला द्यायचा. ठरावात शाळा सोडलेल्या मुलग्यांना पण गोळ्या मागायच्या. पोच घ्यायला विसरू नका. तीन, समितीत जे झालं ते पाड्यावर येऊन सांगायचं. मी नाय सांगितलं तर मला विचारा. नाय जमलं तर दुसरीला बसवा. खुर्ची माझी नाय, पाड्याची आहे.

जिंदाबाद!