रिमोट कुणाच्या हातात?

(नागपूर येथे ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त महिला गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आज सावित्रीबाईंना हार घालून आपण घरी जाणार. त्याआधी एका अपयशाबद्दल बोलायचं आहे. ते अपयश आपलंही आहे.

जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' ही मालिका सुरू झाली. अश्विनी कासार सावित्रीबाई झाल्या होत्या, ओंकार गोवर्धन जोतीराव. मार्चमध्ये टाळेबंदी आली, चित्रीकरण थांबलं, पुन्हा सुरू झालं. आणि वर्ष पुरं व्हायच्या आतच, डिसेंबरात, मालिका बंद झाली. कारण एकच : टीआरपी नाही.

लगेच लोक बोलू लागले : महाराष्ट्राला फुले नकोत, सासू-सुना हव्यात. मलाही राग आला. मग मी आमच्या वस्तीतल्या गटात विचारलं, कुणी कुणी पाहिली? बावीस बायांपैकी तिघींनी हात वर केला. एक म्हणाली, "मले त माहीतच नव्हतं ताई, असं काही लागते म्हून." दुसरी म्हणाली, "रिमोट माह्या हातात रायतेच कुठं? त्या टायमाले मी पोळ्या लाटतो." तिसरीच्या घरी आयपीएल चालू होतं. आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही मोजकेच भाग पाहिले होते. मीटिंगमधून घरी यायलाच नऊ वाजत.

आता हा टीआरपी मोजतात कसा ते पाहा. देशभरातल्या काही हजार निवडक घरांत मीटर बसवलेला असतो. घरातल्या प्रत्येक माणसाचं वेगळं बटण असतं, बघायला बसताना ते दाबायचं. म्हणजे जी बाई बसलीच नाही, तिचं मत मोजलंच जात नाही. ओट्याशी उभी राहून कानाने संवाद ऐकणारी बाई कुठल्याच आकड्यात नसते. आपण जनगणनेबद्दल हेच म्हणत आलो, की घरकाम करणारीला 'काम न करणारी' लिहितात. इथेही तसंच आहे.

पण सगळा दोष मीटरवर टाकून मोकळं होता येणार नाही. आपल्याला सावित्रीबाई 'माहीत' आहेत असं वाटतं. १८४८, भिडेवाडा, शेणाचे गोळे, धडा संपला. १८६८ साली नायगावहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र किती जणींना माहीत आहे? गणेश नावाचा ब्राह्मण तरुण, शारजा नावाची महार मुलगी, तिला दिवस गेलेले. गावकरी दोघांना मारायला निघाले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक दाखवला आणि दोघांचे जीव वाचवले. आज आपल्याकडे जातीबाहेर लग्न केलेली मुलगी आसरा मागायला येते, तेव्हा आपण तेच काम करत असतो. ही गोष्ट आपल्या पोरींना कोण सांगणार?

आणि नागपूरच्या बायांनी तर वाट पाहिलीच नव्हती. स्टेशनवर हमाली केलेल्या जाईबाई चौधरींनी १९२२ साली याच शहरात मुलींसाठी शाळा काढली. १९४२ साली इथेच दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेबांनी भाषण केलं. तेव्हा कुठलं चॅनेल होतं? निरोप घरोघर पोचला तो बायांच्या तोंडून.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. चॅनेलवाल्यांना दोन पत्रं जरूर लिहू. पण प्रत्येक गटाने आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवावी. त्या दिवशी पोळ्या घरातलं दुसरं कुणीतरी लाटेल. आपण एकत्र बसू, पाहू, वाचू, भांडू. सुरुवात शारजाच्या गोष्टीने करू.

पहिल्या दिवशी घरात कुरकुर होईल. होऊ द्या. सावित्रीबाई तर घराबाहेर पडल्या होत्या. आपण अर्धा तास ओट्यापासून दूर व्हायचं आहे, एवढंच.