दुबईचा व्हिसा : पाहुणीचा की कामाचा?



गटाच्या बैठकांतून आमच्याकडे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला असा : "लेकीच्या बाळंतपणाला दुबईला जायचंय, काय काय लागतं?" आणि दुसरा : "एजंट म्हणतो, आत्ता व्हिजिट व्हिसावर चल, तिकडं गेल्यावर कामाचा करून देतो. जावं का?" दोन्ही बायका एकाच विमानात बसतील, दोघींच्या हातातला कागदही एकच असेल. पण एकीसाठी तो बरोबर आहे आणि दुसरीसाठी फसवा आहे. आज आपण त्या कागदाबद्दल बोलू.

आपण सरसकट दुबई म्हणतो, तो देश म्हणजे संयुक्त अरब अमिरात. दुबई, अबुधाबी, शारजा धरून सात अमिरातींचा हा देश 1971 साली तयार झाला. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांना तो शेजारच्या तालुक्याइतका ओळखीचा आहे. तरी कायद्याने तो परका देश. पासपोर्ट आपलं सरकार देतं, व्हिसा त्यांचं सरकार देतं. किती दिवस राहायचं आणि राहून काय करायचं, या दोन्हींची परवानगी म्हणजे व्हिसा. दुसरा भाग लोक विसरतात.

आपल्यासारख्यांना हा व्हिसा निघण्याआधीच काढावा लागतो. ज्यांच्याकडे अमेरिका, इंग्लंड वगैरेंचा व्हिसा आहे अशा काही भारतीयांना तो तिथल्या विमानतळावर मिळतो, पण त्यात आपण येत नाही. व्हिसा मोबाईलवर येतो. त्याची छापील प्रत काढून जवळ ठेवा. विमानतळावर नेमकं त्याच वेळी चार्जिंग संपतं! व्हिसाचा अर्ज तिथे राहणारा नातेवाईक करू शकतो, विमान कंपनी किंवा प्रवासी कंपनीही करते. पर्यटक व्हिसा साधारण 30 किंवा 60 दिवसांचा मिळतो. पासपोर्टची मुदत, तुम्ही तिथे उतराल त्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवी.

आता नावाचं बघा, कारण इथे आपल्या बायका जास्त अडकतात. पासपोर्टवर नुसतं 'सखुबाई', आडनावाची जागा कोरी, असे पासपोर्ट आपल्याकडे अजून सापडतात. नोव्हेंबर 2022 पासून अमिरातीने एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देणं थांबवलं. पुढे खुलासा आला, की पासपोर्टच्या दुसऱ्या माहितीच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल. तेव्हा आजच पासपोर्ट उघडून बघा. आडनाव कोरं असेल तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा, आणि वेळ हाताशी असेल तर आडनावासह पासपोर्ट पुन्हा काढून घ्या.

परतीचं तिकीट हवंच. कुठे उतरणार हेही विचारतात. लेकीकडे जात असाल तर तिच्या तिथल्या ओळखपत्राची प्रत, घराचा भाडेकरार, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून न्या.

दिवस मोजताना उतरलात तो दिवस पहिला धरा. मुदत टळली की रोज 50 दिरहम दंड, म्हणजे आजच्या भावाने अकराशे-बाराशे रुपये. महिनाभर राहून गेलं तर पस्तीस हजारांच्या आसपास. बाळ काही डॉक्टरांची तारीख बघून येत नाही, म्हणून बाळंतपणासाठी आम्ही तर 30 ऐवजी 60 दिवसांचाच घ्या म्हणू. मुदत वाढवून मिळते, पण त्याचे पैसे भरून ती संपण्याआधी वाढवावी लागते.

आणि आता पिशवी. लेकीकडे निघालेली आई रिकाम्या हाताने जाणार नाही. डिंकाचे लाडू, अनारसे, घरचा मसाला बांधून घेणार. यांतल्या तिन्हींत खसखस असू शकते, आणि खसखस अमिरातीत बंदी असलेल्या मालात मोडते. ती अफूच्या झाडाचं बी, म्हणून अमली पदार्थाच्या कायद्यात येते. आपण ती बाळंतिणीला खीर करून घालतो, तिथे तिच्यासाठी तुरुंग लागू शकतो. "मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही. तेव्हा लाडू करा, पण खसखशीशिवाय. सुकं खोबरं, खारीक, मेथी यांनी काही कमी पडत नाही. अनारसे घरीच खा. मसाला विकतचा असेल तर पुडीवरची यादी वाचून घ्या. विड्याची पानंही नेऊ नका, ओटीत ठेवायला म्हणूनसुद्धा नाही.

औषधांचंही तसंच. बीपी-शुगरच्या गोळ्या नेता येतात, पण मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल किंवा प्रीगॅबलिन असलेल्या दुखण्याच्या गोळ्या यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. गुडघेदुखीसाठी, नसांच्या दुखण्यासाठी आपल्या कितीजणी असल्या गोळ्या घेतात! नावं डॉक्टरांना विचारा आणि लागतच असतील तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी लेकीला आधीच काढायला सांगा. शेजारणीने दिलेली पुडी, "माझ्या पोराला एवढं द्या" म्हणून आलेलं बांधलेलं पार्सल, हे उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. भिडेपोटी तर मुळीच नको.

पाहुणीचं एवढं झालं. आता कामाला जाणारीचं, जे जास्त गंभीर आहे.

दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असं छापलेलं असतं. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि आणखी काहींना यातून सूट आहे. याचा अर्थ, अमिरात, सौदी, कुवेत, ओमान, कतार, बहारीन आणि असे आणखी काही देश धरून, तिकडे नोकरीला जाताना आपल्या सरकारची मंजुरी लागते. ही मंजुरी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' हे अधिकारी 1983च्या कायद्याखाली देतात. मुंबईत त्यांचं कार्यालय आहे. अशा पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान 30 हवं, आणि 2016 पासून तिची भरती सरकारी भरती संस्थांमार्फतच व्हावी असा नियम आहे. यात करार तपासला जातो, आणि प्रवासी भारतीय बिमा योजनेचा 10 लाखांचा विमा निघतो, दोन वर्षांसाठी अवघ्या 275 रुपयांत.

हे सगळं ओलांडायची पळवाट म्हणजे व्हिजिट व्हिसा. फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचं तिकीट दाखवलं की झालं. म्हणून एजंट बाईला शिकवून पाठवतो, "कुणी विचारलं तर बहिणीकडे चाललेय म्हण." त्या एका वाक्याने ती कागदावर पाहुणी होते आणि मग तिकडे कुणाच्या तरी घरात राबते. पगार बुडाला तर दाखवायला करार नाही. आजारी पडली तर विमा नाही. मुदत संपली की दंड तिच्याच नावावर चढतो, आणि त्या दंडाच्या भीतीने ती तक्रारीला जात नाही. दोष तिचा नाही. तिला पैशांची नड आहे हे एजंटला ठाऊक असतं.

एजंटच्या बोलण्यात थोडं खरंही असतं, म्हणून ते पटतं. तिथे गेल्यावर व्हिसाचा प्रकार बदलता येतो, हे खरं आहे. पण तो बदलेपर्यंत एक दिवससुद्धा काम करणं बेकायदा आहे, आणि बदलणं मालकाच्या हातात असतं, तुमच्या नाही. "तिकडं सगळे असंच करतात" हेही ऐकाल. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला 2024च्या सुधारणेनंतर तिथे एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. तपासणी आली की असा मालक तुम्हाला आधी घराबाहेर काढेल.

बरोबर व्हिसावर गेलेल्या बाईला तिथला कायदा बराच आधार देतो. घरकामगारांसाठी 2022 साली केलेल्या कायद्यात लेखी करार आहे, आठवड्याला एक भरपगारी सुट्टी आहे, दिवसात 12 तास विश्रांती आणि त्यातले 8 तास सलग, वर्षाला 30 दिवसांची रजा. पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहायला हवा, आणि भरतीचा खर्च तिच्याकडून घ्यायचा नाही. हे सगळं प्रत्येक घरात पाळलं जातं असं आम्ही म्हणणार नाही. पण भांडायला कागद असतो, आणि परक्या देशात तो फार मोठा असतो.

तर कागद असा बघा. व्हिसावर 'टुरिस्ट' किंवा 'व्हिजिट' लिहिलंय, की 'एम्प्लॉयमेंट'? इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या, एजंटच्या माणसाकडून नको. मालकाचं नाव, पगार आणि काम करारावर लिहिलेलं आहे का? व्हिसा खरा की खोटा हे पासपोर्ट नंबर टाकून अमिरातीच्या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. दुबईचं संकेतस्थळ वेगळं आहे. एजंट नोंदलेला आहे का, हे आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कळतं. नोंदलेल्या एजंटलाही 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. कुणी लाख-दीड लाख मागत असेल आणि पावती देत नसेल, तर तिथेच थांबा. गटाकडून कर्ज काढून असले पैसे भरायची मागणी कुणी केली, तर गटाने आधी व्हिसा आणि करार बघायला मागावा.

निघण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि तिकीट यांच्या प्रती काढून एक संच घरी आणि एक गटाच्या पेटीत ठेवा. लिहून घ्या : भारतातून चौकशी किंवा तक्रार करायची असेल तर मोफत क्रमांक 1800 11 3090. अमिरातीत असताना भारतीयांच्या मदत केंद्राचा मोफत क्रमांक 800 46342. अबुधाबीत आपला दूतावास आहे आणि दुबईत वकिलात. व्हिजिट व्हिसावर जाऊन कुणी आधीच अडकली असेल, तरी तिच्या घरच्यांनी या क्रमांकांवर फोन करावा. दंड झाला असला तरी करावा.