वारा वाकडा का वाहतो?



वसंतातल्या व्याख्यानांना एक जुना शत्रू आहे, तो म्हणजे वळीव. वक्ता व्यासपीठावर मोठ्या तन्मयतेने वेदान्त सांगत असतो आणि श्रोत्यांचे डोळे मात्र पश्चिमेकडे दाटून आलेल्या ढगाकडे लागलेले असतात. आज माझी तेवढी सोय आहे. माझा विषयच वारा आणि आभाळ हा असल्यामुळे आपण वर पाहिलेत तरी ते माझ्या भाषणाकडे लक्ष दिल्यासारखेच होईल!

वारा म्हणजे वाहणारी हवा, हे शाळकरी पोरही सांगेल. परंतु हवा वाहते का, आणि वाहताना सरळ न जाता वाकडी का जाते, हे दोन प्रश्न माणसाला फार काळ छळत होते. त्यातल्या पहिल्याचे उत्तर हवेच्या दाबात आहे आणि दुसऱ्याचे पृथ्वीच्या फिरण्यात.

प्रथम दाबाचे पाहू. हवेला वजन असते. इटलीतल्या टॉरिचेलीने 1643 साली पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. तेव्हा नळीतला पारा थोडा उतरला आणि सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबला. बाहेरच्या हवेचा भार त्याला तोलून धरीत होता. पुढे 1648 मध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने अशी नळी फ्रान्समधल्या एका डोंगरावर नेली, तो वर जाईतो पारा आठेक सेंटिमीटरांनी खाली आला. डोक्यावरची हवा कमी झाली, भार कमी झाला. समुद्रकाठी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम हवा उभी असते. आमच्या भगिनींना याचा प्रत्यय स्वयंपाकघरात येतो. महाबळेश्वरी उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही, कारण तिथे दाब कमी म्हणून पाणी कमी उष्णतेवरच उकळू लागते.

आता एक शंका आपल्या मनात यायला हवी. दाबाच्या फरकामुळे वारा सुटतो असे आपण म्हणतो. पुणे शहरातून सिंहगडाच्या माथ्यावर गेले की हवेचा दाब सत्तर-ऐंशी मिलिबारांनी उतरतो. मग पुण्याची सारी हवा गडावर उसळून का जात नाही? याचे कारण असे की, उभ्या दिशेतला फरक हवेच्या स्वतःच्या वजनाने तोललेला असतो. दाब हवेला वर ढकलतो, वजन तिला खाली ओढते. दोघांची बरोबरी होते. परंतु एकाच पातळीवर, आडव्या दिशेत, एका जागी दाब अधिक आणि दुसऱ्या जागी उणा झाला, तर त्याला तोलणारे वजन आड येत नाही. तिथे अगदी थोडा फरकही हवेला हलवायला पुरतो.

हा आडवा फरक उत्पन्न करतो सूर्य. कोकणातल्या कोळीबांधवांना हे पुस्तकाविना ठाऊक आहे. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. जमिनीवरची हवा फुगते, वरच्या वर बाजूला पसरते, तिथला भार हलका होतो आणि समुद्राची हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन आधी निवते, खेळ उलटतो आणि मतलई वारे सुटतात. इथवर हिशेब सोपा आहे; पाणी उताराकडे वाहते तशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते.

परंतु शेकडो मैलांचा प्रवास असला की हा हिशेब चुकतो. विषुववृत्ताकडे येणारे व्यापारी वारे सरळ उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून येत नाहीत. उत्तर गोलार्धात ते ईशान्येकडून येतात, दक्षिणेत आग्नेयेकडून. धूमकेतूमुळे प्रसिद्ध झालेल्या हॅलेने 1686 मध्ये या वाऱ्यांचा नकाशा काढला आणि त्यांचे मूळ सूर्याच्या उष्णतेत शोधले. पण तिरकेपणाचे कारण त्याला नीट साधले नाही. ते हेरले 1735 साली हॅडलेने. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते. पुण्याच्या अक्षांशावर तो वेग 1580च्या आसपास असतो आणि ध्रुवावर शून्य. उत्तरेकडून दक्षिणेला निघालेली हवा आपला कमी वेग घेऊन येते, खालची जमीन पुढे सटकते, आणि वारा पश्चिमेकडे मागे पडल्यासारखा दिसतो.

हॅडलेच्या विचारात एक उणीव होती. पूर्व-पश्चिम जाणारा वाराही वळतो, त्याचा उलगडा यातून होत नाही. 1835 मध्ये कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने फिरणाऱ्या यंत्रांचा अभ्यास करताना याचे पूर्ण गणित मांडले, आणि 1856 मध्ये अमेरिकेतल्या फेरेलने ते वाऱ्यांना लावून दाखवले. गणित बाजूला ठेवू. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यावर दोन मुले समोरासमोर बसली आहेत असे समजा. पाळणा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो आहे. एकाने दुसऱ्याकडे चेंडू नेमका फेकला, तरी तो त्याच्या हाती पडत नाही. फेकणाऱ्याच्या उजव्या हाताला वळलेला दिसतो. झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र चेंडू सरळच गेलेला दिसतो. आपण सारे अशाच पाळण्यावर बसलो आहोत. म्हणून उत्तर गोलार्धात वारा कोणत्याही दिशेने जावो, तो आपल्या उजवीकडे वळतो, दक्षिणेत डावीकडे. हा प्रभाव विषुववृत्तावर नाहीसा होतो आणि ध्रुवांकडे वाढत जातो. मोरीतल्या पाण्याचा भोवरा यानेच फिरतो असे जे सांगतात त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. इतक्या लहान भांड्यात आणि इतक्या थोड्या वेळात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम नगण्य असतो. तिथे भांड्याचा आकार आणि पाण्याला आधी मिळालेला हेलकावाच काम करतो.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. उन्हाळ्यात राजस्थान आणि त्यापलीकडचा सिंध-पंजाबाचा मुलूख भाजून निघतो आणि तिथला दाब उतरतो. त्याच सुमारास दूर दक्षिणेला, मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरावर जास्त दाबाचे क्षेत्र असते. तिथून निघालेला वारा उत्तरेकडे येताना प्रथम डावीकडे, म्हणजे पश्चिमेकडे कलतो, म्हणून तो आग्नेयेचा वारा असतो. विषुववृत्त ओलांडले की नियम उलटतो. तोच वारा उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळतो आणि आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा म्हणून पोहोचतो. पृथ्वी फिरत नसती तर हा वारा अरबी समुद्रावरून असा तिरका येऊन सह्याद्रीवर आदळला नसता. सह्याद्री त्याला वर चढवतो, वर दाब कमी म्हणून हवा प्रसरण पावून थंड होते आणि वाफेचे पाणी होते. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पुण्याच्या वाट्याला सातशेच्या आसपास येतो, तो याच हिशेबाने.

दाब आणि फिरणे या दोहोंचा सर्वांत भयंकर मिलाफ चक्रीवादळात होतो. तापलेल्या समुद्रावर वाफ वर चढते, तिचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते आणि खालचा दाब उतरत जातो. चहूकडून हवा आत धावते. पण प्रत्येक झोत उजवीकडे वळत असल्यामुळे मध्यावर पोहोचत नाही, त्याला बगल देऊन जातो. असे सारे झोत मिळून घड्याळाच्या उलट फिरणारे प्रचंड चक्र तयार होते. 1848 साली कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने त्याला सापाच्या वेटोळ्यावरून ‘सायक्लोन’ हे नाव दिले. विषुववृत्ताला लागून अशी वादळे सहसा जन्मत नाहीत, कारण तिथे वारा वळवणारी शक्तीच नसते.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. त्याच्या मध्याचा दाब सुमारे 984 मिलिबार होता. भोवतालच्या हवेशी तुलना केली तर हा फरक शेकडा दोनसुद्धा भरत नाही. परंतु तेवढ्या फरकाने श्रीवर्धन-मुरूड-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. पोफळ लावल्यापासून भरवशाचे उत्पन्न द्यायला कित्येक वर्षे घेते. दुपारच्या काही तासांत बापाची मेहनत गेली आणि मुलाच्या वाट्याला पुन्हा पहिल्यापासून खड्डे खणणे आले. बाग हलवता येत नाही. माणसे मात्र हलवता येतात, आणि इशारे दोन-तीन दिवस आधी मिळाल्यामुळे हजारो माणसे हलवलीही गेली.

हे केवढे महत्त्वाचे आहे ते ओडिशाला विचारा. 29 ऑक्टोबर 1999च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. 12 ऑक्टोबर 2013 रोजी ‘फायलिन’ आले तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी नेले होते. मृत्यू शंभराच्या आत राहिले. दुसऱ्या वादळाचा जोर काहीसा कमी होता हे खरे, पण एवढ्या अंतराचे श्रेय त्याला देता येणार नाही. ते इशाऱ्याचे आणि इशारा मानणाऱ्यांचे आहे.

या शास्त्राशी आपल्या शहराचा ऋणानुबंध आहे. 1928 मध्ये भारतीय हवामान खात्याची कचेरी सिमल्याहून पुण्यास आली, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या चौकाला आपण अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतो. आणि त्याच खात्याची थट्टा करण्यात आपण पुणेकर सर्वांत पुढे! ‘पाऊस सांगितलाय, म्हणजे छत्री घरी ठेवा,’ हा विनोद मीही केलेला आहे. अंदाज चुकतात, पुढेही चुकतील, कारण हवेतला लहानसा बदल काही दिवसांत मोठा होतो. पण थट्टेची सवय इतकी अंगी मुरू नये की, खऱ्या इशाऱ्याच्या दिवशीही आपण हसत बसू.

म्हणून जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. उघड्यावर स्थिर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाबाचे केंद्र साधारण आपल्या डाव्या हाताला असेल. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने 1857 मध्ये सांगितलेला हा नियम नावाड्यांना फार उपयोगी पडला. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. वादळ अंगावरून जाताना मध्येच वारा पडला, आभाळ उजळले, तर संकट टळले असे मानून बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असतो. थोड्याच वेळात दुसरी बाजू येते आणि वारा उलट दिशेने तितक्याच जोराने झोडपतो. पहिल्या वाऱ्यातून वाचलेली माणसे त्या फसव्या शांततेत कौले सावरायला, गुरे पाहायला बाहेर पडतात आणि सापडतात. ही एक गोष्ट किनाऱ्यावरच्या आपल्या आप्तांना आपण कळवलीत, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.

वळिवाने आज आपल्याला वेळ दिला आणि आपण मला.