बाराखडी आणि संगणक

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात इगतपुरी येथे दिलेले भाषण)



कार्यकारिणीने मला संगणकावर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नकारच दिला होता. मी काही इंजिनियर नाही. रेल्वेत टंकलेखक म्हणून लागलो आणि टंकलेखक म्हणूनच निवृत्त झालो. पण बोटांनी अक्षरे उमटवण्यात माझा जन्म गेला. तेव्हा मुंबईला पवईच्या आय.आय.टी.त याच बोटांवर आणि अक्षरांवर जे संशोधन झाले, त्याची हकिकत सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजतो.

सुरुवात आपल्या घरातूनच करतो. आपले सभागृह बांधताना कोणी एक्कावन्न रुपये दिले, कोणी सिमेंटची गोणी दिली, कोणी पाच रविवार घमेली उचलली. त्या सर्वांची नावे एका वहीत होती. इगतपुरीचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. वहीला बुरशी लागली, पाने चिकटू लागली. म्हणून १९९८ साली मी ती यादी संगणकावर टंकून घेतली, फ्लॉपीत ठेवली आणि निर्धास्त झालो. दहा-बारा वर्षांनी ती नव्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर शाईत पाय बुडवून कोंबडी चालून गेल्यासारख्या खुणा! एकही नाव वाचता येईना. ज्यांनी घमेली उचलली होती त्यांतले निम्मे लोक तोवर गेले होते.

हे असे का झाले? आम्ही मराठी टंकत होतो असे आम्हांला वाटे. संगणक मात्र आतमध्ये इंग्रजी अक्षरांचेच आकडे साठवत होता आणि फॉन्ट त्या आकड्यांना मराठी मुखवटा चढवत होता. तो फॉन्ट नव्या संगणकात नव्हता. मुखवटा गेला आणि खालचा गोंधळ उघडा पडला. महाराष्ट्रात किती कचेऱ्यांची, किती छापखान्यांची कागदपत्रे अशी मुकी झाली असतील, कोण जाणे.

याला उपाय काढणारे लोक तेव्हाही होते, हे मला फार उशिरा कळले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत भारतीय लिप्यांवर काम चालू होते. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आपल्या लिप्यांसाठी एक प्रमाण संकेत ठरवून दिला. पुढे जगभराच्या लिप्यांसाठी युनिकोड आला. त्यात 'क' ला स्वतःचा आकडा मिळाला, 'ळ' ला स्वतःचा मिळाला. कोणाचा मुखवटा घ्यावा लागला नाही. विंडोज २००० बरोबर देवनागरीचा जो 'मंगल' हा फॉन्ट आला, त्याची अक्षरे प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवली होती. हे आपले मराठी माणूस, सुलेखनकार आणि कवी. पवईच्या आय.डी.सी.त त्यांनी अनेक वर्षे शिकवले.

ही आय.डी.सी. म्हणजे आय.आय.टी.मधला अभिकल्प विभाग, १९६९ साली सुरू झालेला. तेथील प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला. मराठी मुलगा शाळेत क, ख, ग, घ, ङ अशी वर्णमाला शिकतो, बाराखडी घोकतो. मग यंत्रासमोर बसल्यावर त्याने इंग्रजी टंकयंत्राची उलटीसुलटी मांडणी नव्याने का पाठ करावी? माझ्या टंकयंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. बोलताना आपण असे करतो का? पण सवयीने मला त्यात काही वावगे वाटेनासे झाले होते. यंत्राने माणसाला वाकवले आणि माणूस त्यालाच शिक्षण म्हणू लागला!

या गटाने आधी 'कीलेख' नावाचा कळफलक तयार केला. वर्णमालेच्या ओळी जशा पाटीवर तशाच त्यावर. २००४ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या जागतिक परिषदेत त्यावरचा निबंध मांडला गेला. नंतर हातोहाती स्पर्शाचे फोन आले, तेव्हा २०१३ साली त्यांनी 'स्वरचक्र' काढले. 'क' वर बोट ठेवले की भोवती चक्र उमलते, त्यात का, कि, की, कु. बोट तिकडे सरकवून उचलले की अक्षर उमटले. जोडाक्षरासाठी पाय मोडलेला क् घ्यायचा आणि पुढचे अक्षर निवडायचे. मराठी-हिंदीपासून सुरुवात होऊन पुढे इतर भारतीय भाषांतही ते आले, आणि लोकांना ते फुकट मिळाले, हे मला विशेष वाटते.

अशा कामाला मानवकेंद्री संगणन म्हणतात. नाव जड आहे, रीत सोपी आहे. यंत्र बनवले की ते साध्या माणसाच्या हाती द्यायचे, शेजारी गुपचूप बसायचे, तो कुठे अडतो, किती चुका करतो, मिनिटाला किती अक्षरे लिहितो हे टिपायचे. अडला तर चूक त्याची धरायची नाही, मांडणीची धरायची. याच गटाने एच.आय.व्ही.च्या रुग्णांना फोनवरून बोलीभाषेत औषधाची आठवण आणि सल्ला देणारी यंत्रणाही तयार करून पाहिली. ज्याला वाचता येत नाही त्यालाही फोन कानाला लावता येतो! २०१७ च्या सप्टेंबरात या विषयाची 'इंटरॅक्ट' ही आंतरराष्ट्रीय परिषद आय.आय.टी. मुंबईत भरली.

लांब कशाला, या विषयातले एक मोठे काम आपल्या गावाच्या वेशीवर झाले आहे. धम्मगिरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला झालेल्या सहाव्या संगायनाचा पालि तिपिटक देवनागरीत छापला आणि १९९७ साली तो सीडीवर आणला. एकदा भरलेला मजकूर देवनागरीत, रोमनमध्ये, बर्मी, सिंहली, थाई लिपीत वाचता यावा अशी त्याची रचना. श्रीलंकेचा भिक्खू आणि आपल्याकडचा विद्यार्थी एकच सुत्त आपापल्या अक्षरांत वाचतात. ज्या सुमारास मी फ्लॉपीत यादी बुडवत होतो, त्याच सुमारास टेकडीपलीकडे हे चालले होते! मी चौकशी करायला गेलो असतो तर? असो.

आता यादीचे काय झाले ते सांगतो. एका जुन्या फाईलमध्ये कागदी प्रत सापडली, अर्धवट ओली. २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्याच वसाहतीतली सहा मुले फोन घेऊन बसली आणि स्वरचक्रावर नावे भरू लागली. 'पञ्ञा' हे नाव एका मुलीने माझ्या आधी लिहिले, मी 'ञ' कुठे आहे ते शोधत होतो, ती म्हणाली, "काका, च-छ-ज-झ च्या शेवटी, शाळेत होता तिथेच."

एक आजी आपल्या दिवंगत मालकांचे नाव स्वतः लिहीन म्हणून हटून बसल्या. त्यांनी साक्षरता वर्गात बाराखडी शिकलेली. बोट ठेवायच्या आणि लगेच उचलायच्या, त्यामुळे काना-वेलांटी उमटेना. 'काशिनाथ' चे 'कशनथ' होई. मुले हसू लागली. मी त्यांना गप्प केले आणि एकाला वहीत लिहायला सांगितले की, आजी कुठे अडल्या. बोट लवकर उचलले जाते, असे त्याने अकरा वेळा नोंदवले. नंतर एका मुलाने त्यांचे बोट हलकेच धरून बाजूला सरकवून दाखवले आणि नाव उमटले. आजींनी ते परत परत वाचून घेतले.

आज फोनवर बोलून लिहिण्याचीही सोय आली आहे. ती चांगली आहे, पण आपल्याकडची गावे-आडनावे ती सर्रास चुकवते, आणि देणगीदाराचे नाव चुकलेले मला चालणार नाही. दोनशे चौदा नावे भरून झाली आहेत. ओल्या पानांवरची एकतीस अजून लागत नाहीत. ज्यांच्या घरी सभागृहाच्या बांधकामाची जुनी पावती असेल त्यांनी ती येत्या रविवारी सकाळी दहाला घेऊन यावी. विद्यार्थ्यांनी फोन भरून आणावेत. आणि येताना घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला सोबत आणा; नावे ते सांगतील, आणि त्यांची बोटे कुठे अडतात तेही आपण लिहून घेऊ.

जयभीम.